साडूंची सॅक उसवत नाही

चेनवाले आयुष्यात एकही डोंगर चढले नव्हते, पण डोंगरांना ते चांगले ओळखून होते. डोंगर त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. सॅकच्या तळाशी, शिवणीच्या खाचेत, चेनच्या दातांत अडकून येत. गल्लीच्या टोकाला, चष्म्याचं दुकान आणि जिना यांच्यामधल्या फटीत त्यांचं दुकान होतं. आत जाड सुईचं एक मशीन, एक लांब बाक आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या चेनच्या रनरच्या माळा. त्यांचं खरं नाव आता फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना चेनवाले म्हणत, त्यात सासरची माणसंही आली.

सॅक हातात आली की चेनवाले आधी ती उलटी करून पांढऱ्या कागदावर झटकत. लाल माती पडली की हा गडी दक्षिणेच्या डोंगरधारेवरून आलाय. काळी चकचकीत खडी पडली की तळ्याकडून. कुसळं निघाली तर कुरणं, राख निघाली तर नेहमीचा मुक्कामाचा कट्टा, जिथे आदल्या आठवड्यात आणखी साठजण जेवून गेलेले असत. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगत असे की आम्ही अशा जागी जाऊन आलो, तिथे चिटपाखरू नव्हतं. चेनवाले मान डोलावत आणि त्या चिटपाखरू नसलेल्या जागेची त्या आठवड्यातली पाचवी पुडी बांधून खणात टाकत. बटणांसाठी केलेल्या त्यांच्या कपाटाला साठ खण होते आणि बटणं मोजून दोन खणांत होती. उरलेल्यांत डोंगर होते. हे ते कुणाला सांगत नसत. न्हाव्याने डोक्यांबद्दल बोलू नये, तसं सॅकवाल्याने मातीबद्दल बोलू नये, असं त्यांचं मत होतं.

एक सॅक मात्र त्यांच्या बाकावर कधीच आली नव्हती. ती साडूंची.

साडू म्हणजे त्यांच्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. सरकारी लिफ्ट तपासनीस. वर्षभर इमारतींतल्या लिफ्टचे दोर आणि ब्रेक बघायचे, आणि वर्षातून एकदा पाठीला सॅक लावून एकट्याने नऊ दिवस डोंगरात जायचं, हा त्यांचा नेम. कुठे जातात ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं की गर्दी होते, असं ते म्हणत आणि इतक्या हळू आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला आपणच ती गर्दी आहोत असं वाटावं. परतले की येणाऱ्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावत आणि दिवाणखान्यात नवा फोटो टांगत. समोर बर्फाचं शिखर, खाली दरी, मध्ये आपल्याकडे पाठ करून कमरेवर हात ठेवून उभे साडू आणि त्यांच्या पाठीवर टम्म फुगलेली सॅक. माणूस म्हणून दुसरं कुणी नाही. असे अकरा फोटो भिंतीवर होते. शिखर तसंच होतं, साडू वर्षागणिक थोडे रुंद होत गेले होते.

सॅक दाराशी खुंटीला असे. जेवून निघताना चेनवाले बूट घालायला वाकत आणि तेवढ्यात तिची एकेक शिवण बोटांनी चाचपून घेत. खांद्याचा पट्टा, जो सगळ्यांचा तिसऱ्या वर्षी जातो, जागचा हलला नव्हता. तळाला घासल्याची खूण नव्हती. अकरा वर्षांत माणूस उसवतो, पण या सॅकचा टाका निघाला नव्हता. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी आपल्यापेक्षा चांगली टीप मारली, हे दुःख एक. आणि हा माणूस डोंगरात इतका सफाईने वावरतो की त्याला आपली गरजच पडत नाही, हे दुसरं. घरी जाईपर्यंत त्यांच्या पोटात दुखायला लागलेलं असे. बायको म्हणे, जेवण जड झालं असेल. ते म्हणत, हो, जेवणच.

एकदा त्यांनी दुकानातलं भिंग खिशात घालून नेलं आणि सगळे हात धुवायला गेल्यावर फोटो तपासले. अकरांपैकी तीन फोटोंत वरच्या कोपऱ्यात आभाळातून एक बारीक काळी रेघ गेली होती. काचेखाली केस अडकलाय, असं त्यांनी मेव्हणीला आनंदाने सांगितलं. तिने काच पुसली. रेघ गेली नाही. साडूंच्या फोटोत काहीतरी खोट निघाली, या विचारावर चेनवाल्यांचे पुढचे दोन दिवस फार चांगले गेले.

पण खरं दुखणं सॅकचं नव्हतं आणि फोटोचंही नव्हतं. ते बायकोच्या दोन शब्दांचं होतं.

त्यांची बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करी. बावीस वर्षं रोज सकाळी सातला ती खुर्चीत बसायची आणि समोर उपाशीपोटी चिडलेल्या माणसांची रांग असायची. दंड आवळायचा, शीर शोधायची, टोचायचं, कापूस दाबायला सांगायचं, पुढचा. तिच्याकडे आलेला प्रत्येक माणूस ऐन वेळी तोंड दुसरीकडे फिरवी. अशी ही बाई दरवर्षी साडूंच्या नव्या फोटोसमोर ताट हातात घेऊन उभी राही आणि म्हणे, ‘‘किती मोकळं.’’ बस, एवढंच. पण ज्या आवाजात ती ते म्हणे, तो आवाज चेनवाल्यांनी लग्नानंतर स्वतःसाठी म्हणून फारसा ऐकला नव्हता.

त्या वर्षी लॅबमध्ये नवं यंत्र बसणार होतं आणि बायकोला सलग नऊ दिवस सुट्टी मिळाली. रविवारच्या जेवणात तिने हे सांगितलं आणि वर म्हणाली की कुठेही जाऊ, फक्त रांग नसलेल्या जागी जाऊ. मेव्हणीने लगेच तोडगा काढला. साडू त्याच आठवड्यात निघणार होते, तर दोघांनी त्यांच्याबरोबरच जावं. तिचे स्वतःचे गुडघे साथ देत नव्हते, पण बहिणीने तरी ते एकदा डोळ्यांनी बघावं. साडूंना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले की वाट बिकट आहे, वरती दम लागतो, दगड सुटे आहेत. मग चेनवाल्यांकडे एक नजर टाकून म्हणाले, ‘‘साडूबुवांना झेपायचं नाही ते.’’

चेनवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांनी घास शांतपणे चावला, गिळला आणि मगच तोंड उघडलं. ‘‘आमचं आम्ही बघतो,’’ ते म्हणाले. ‘‘यापेक्षा मोकळी जागा बघतो.’’

घरी येताना रस्त्यात बायकोने त्यांना स्वच्छ बजावलं. तिला शिखर नको होतं, फोटोही नको होता. ‘‘नऊ दिवस माझ्यासमोर रांग नको. दिसली, तर पुढच्या वर्षी मी भावजींच्या मागोमाग निघेन. तुम्ही दुकान सांभाळा.’’

दुसऱ्या दिवसापासून चेनवाले कामाला लागले. त्यांनी डोंगरांचा मोठा, जुना नकाशा बाकावर पसरला आणि साठांतले अठ्ठावन्न खण एकेक करून उघडले. ज्या धारेची माती खणात होती तिच्यावर एक टाचणी. भरपूर पुड्या असतील तर लाल डोक्याची, थोड्या असतील तर पांढऱ्या. दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. डोंगरात जाणारी माणसं चांगली जागा कधी खरी सांगत नाहीत, खोटं मात्र फार प्रेमाने सांगतात. फोनवर शोधायचं तर त्यांना खात्री होती की आज आपण एखादी खिंड शोधली की उद्या तिची जाहिरात साडूंच्या फोनवर जाऊन पडणार. सॅक मात्र खोटं बोलत नाही. बावीस वर्षांची माती समोर होती. ती जिथे नाही, तिथे माणूस नाही.

आठवडाभर ते गिऱ्हाइकांना थांबवून टाचण्या टोचत होते. एका बाईची चेन त्यांनी उलटी बसवली आणि तिने ती दाखवली तेव्हा म्हणाले, राहू दे, तशीही उघडते. नकाशा लाल होत गेला. साडू यांतल्या कुठल्या टाचणीवर जात असतील, याचा विचारही मधूनमधून होत होता आणि प्रत्येक वेळी टाचणी जरा जास्तच खोल जात होती. शेवटी उत्तरेला एक चांगलं बोटभर शिखर उरलं, ज्याच्या अंगाखांद्यावर एकही टाचणी नव्हती. खाली गाव होतं, गावातून वर जाणारी वाट नकाशात तुटक रेघेने दाखवली होती आणि बावीस वर्षांत तिथून चिमूटभर माती त्यांच्या बाकावर आली नव्हती.

त्यांनी बायकोला दुकानात बोलावून ते दाखवलं. ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की एवढं मोठं शिखर आहे, गावापर्यंत रस्ता आहे, तर तिथे कुणी का जात नाही.

‘‘माहीतच नाही कुणाला.’’

‘‘मग नकाशात कसं आलं?’’

चेनवाले म्हणाले की नकाशा काढणाऱ्यांना माहीत असतं, त्यांचं कामच आहे ते. बायकोला रक्ताचे रिपोर्ट वाचायची सवय होती. रिपोर्टात काही दिसलं नाही म्हणजे कधीकधी नमुनाच घेतला गेलेला नसतो, असं ती म्हणालीही. पण नवरा इतक्या वर्षांनी कशात तरी इतका रंगलेला दिसत होता की तिने ते पुढे ताणलं नाही.

चेनवाल्यांनी स्वतःसाठी एक बेवारस सॅक निवडली, जी न्यायला तिचा मालक सहा वर्षांत परत आला नव्हता. तिची प्रत्येक शिवण दुहेरी केली. साडूंची अकरा वर्षं टिकली काय, ही बावीस टिकेल, असं ते मशीनला म्हणाले.

बस भरलेली होती. उभं राहायलाही जागा नव्हती. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. चेनवाल्यांनी एकवार बसमधून धंदेवाईक नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. चाकांच्या बॅगा होत्या, हातातल्या पर्स होत्या, एका आजीबाईंच्या मांडीवर टोपलीत कुत्रं होतं. एका जोडप्याने तर पायात घरातल्या सपाता घातल्या होत्या. ‘‘बघ,’’ ते तिच्या कानाशी म्हणाले, ‘‘एकाच्या तरी पाठीला सॅक आहे? म्हणजे डोंगरावर कुणीही चाललेलं नाही.’’ ही माणसं खालच्या गावात लग्नाला चालली असतील, असा त्यांचा कयास होता. वळणावळणावर लग्न मोठं होत गेलं. मागेपुढे आणखी सहा बसगाड्या दिसायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले की नवरी मोठ्या घरची दिसतेय.

गावात उतरल्यावर रोपवे दिसला.

तो न दिसण्यासारखा नव्हताच. काचेचं मोठं स्थानक, त्यातून एकामागून एक निघणारे लाल डबे, एका डब्यात वीस माणसं, आणि वर शिखरापर्यंत गेलेला काळा दोर. स्थानकाच्या दारावर फलक होता की आमच्या सेवेचं हे चोविसावं वर्ष. दारासमोर लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट केली होती आणि तिच्यात चारएकशे माणसं उभी होती. आजीबाई कुत्र्याला घेऊन त्यांच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. कुणाच्याच पाठीला सॅक नव्हती. बसून वर जायचं, बसून खाली यायचं, सॅक कशाला लागते आणि फाटते कशाने? बावीस वर्षांत इथली चिमूटभर माती आपल्याकडे का आली नाही, हे चेनवाल्यांना स्थानकाच्या दारात उभ्या उभ्या समजलं. ते समजताना त्यांना इतर काही नाही, साडू डोळ्यांसमोर दिसले, बायकोच्या पुढे दहा पावलं, रिकाम्या धारेवरून चालणारे.

बायको रांगेकडे बघत होती. ती डोक्यांवरून नजर फिरवत होती, तशी ती रोज सकाळी सातला फिरवी. चेनवाले शिक्षेची वाट बघत उभे राहिले. मग तिने हळूच मान पूर्ण डावीकडे वळवली. तिकडे तिकीटखिडकीच्या मागे कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक गंजलेली पाटी होती आणि तिच्यावर बाण होता. जुनी पायवाट, दोन दिवस.

‘‘मी तिकडे बघतेय,’’ ती म्हणाली. ‘‘टोचून झालं की सांगा.’’

त्या वाटेवर कुणीही नव्हतं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, कुठे कागदाचा कपटा नाही, चुलीची राख नाही. चोवीस वर्षांत सगळी दुनिया डोक्यावरून गेली होती आणि वाट खाली तशीच पडून राहिली होती. मधूनमधून वरून एक लाल डबा सरकत जाई, काचेला चिकटलेले वीस चेहरे खाली बघत, एखादं पोर हात हलवी. बायको वर बघत नसे. चेनवाल्यांना बघण्याइतका दम उरलेला नसे. त्यांच्या पायांना फोड आले, त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि पहिल्या मुक्कामाला, दगडी निवाऱ्यात, त्यांनी उन्हं कलायच्या आत झोप घेतली, ती सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी एका अरुंद जागी कडेच्या खडकाला सॅक घासली, आधारासाठी त्यांनी अंग उलटं फिरवलं आणि खांद्याचा पट्टा दुहेरी शिवणीसकट फाटला. चेनवाले तिथेच बसले. इतकी वर्षं फाटलेला पट्टा बघितला की ते गिऱ्हाइकाला सांगत, सॅक आपटत जाऊ नका, नीट वापरा. आता त्यांनी खिशातून दाभण आणि नायलॉनचा दोरा काढला आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मनातल्या मनात माफी मागत पट्टा शिवायला घेतला. त्यांना तासभर लागला. बायको दहा पावलांवर एका दगडावर दरीकडे तोंड करून बसली होती. ती काही करत नव्हती. तिच्यासमोर कुणी दंड पुढे करून उभं नव्हतं. फोटोसमोर उभी राही तशीच ती बसली होती, फक्त हातात ताट नव्हतं. चेनवाल्यांना दरीचाही थोडा हेवा वाटला, पण साडूंच्या मानाने दरी परवडली.

वर पोचले तेव्हा दुपार होती. पायवाट एका भिंतीमागून निघून थेट सिमेंटच्या मोठ्या गच्चीवर येत होती. गच्चीवर आइस्क्रीमची गाडी होती, दुर्बिणीसाठी रांग होती, आइस्क्रीमसाठी तिच्याहून मोठी रांग होती, मागे हॉटेल होतं. माणसांच्या त्या गलक्यापासून लांब, कठड्याच्या पार टोकाच्या कोपऱ्यात एक माणूस सगळ्यांकडे पाठ करून कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या मागे तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला होता. कॅमेऱ्यासमोर कुणी आलं की तो वळून अदबीने थांबे, ते गेलं की पुन्हा दरीकडे तोंड करून मोकळ्या जागेत उभा राही. त्याच्या डोक्यावरून, आभाळाच्या वरच्या कोपऱ्यातून, रोपवेचा बारीक काळा दोर गेला होता.

चेनवाल्यांनी माणूस नाही, सॅक ओळखली. ते मागून गेले आणि सवयीने तिच्या खांद्याच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. साडू गर्रकन वळले.

‘‘तुम्ही?’’ साडू म्हणाले. ‘‘कसे आलात?’’

‘‘चालत.’’

‘‘चालत म्हणजे, पायांनी?’’

चेनवाल्यांनी सॅकवर तळवा दाबला. ती आत गेली आणि फुस्स करून परत वर आली.

‘‘उशी आहे,’’ साडू खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘नाहीतर फोटोत चपटी दिसते.’’

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिल्या वर्षी ते खरोखरच चालायला म्हणून आले होते. खाली गावात उतरले, एका बाजूला ती चढण बघितली आणि दुसऱ्या बाजूला रोपवे. जन्मभर लिफ्टचे दोर तपासलेला माणूस, त्याने चढण कशाला चढावी? वर आले, हॉटेलात खोली घेतली, नऊ दिवस झोपले. कुणी बटण दाबलं नाही, कुणी दोन मजल्यांमध्ये अडकलं नाही. आठवण म्हणून स्वतःचा एक फोटो काढला, त्यात चुकून दुसरं कुणीच आलं नाही. घरी सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, की नंतर खरं सांगायला जागाच उरली नाही. गेल्या तीन वर्षांपासून त्यांना दोर टाळून उभं राहणं जमत नव्हतं, कारण चांगल्या कोपऱ्यात हॉटेलवाल्यांनी खुर्च्या टाकल्या होत्या.

चेनवाले ऐकत होते आणि त्यांच्या पोटातलं अकरा वर्षांचं दुखणं एकेक टाका निघावा तसं मोकळं होत होतं. येत्या रविवारी काय बोलायचं त्याची वाक्यं त्यांच्या मनात जुळायलाही लागली होती. तेवढ्यात बायको आली. तिने तिकाटणं बघितलं, दोर बघितला, उशीने फुगलेली सॅक बघितली. साडूंचा चेहरा तिच्यासमोर दंड पुढे करणाऱ्या माणसासारखा झाला. ती त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली, गर्दीकडे पाठ करून, कठड्याला टेकून.

‘‘दोन पावलांची जागा आहे, भावजी. पुरते?’’

‘‘मान वळवली नाही तर पुरते,’’ साडू म्हणाले.

बायकोने मान डोलावली. हे तिला पटण्यासारखं होतं. मग ती चेनवाल्यांना म्हणाली, ‘‘आपण उतरायचं चालतच ना? मला त्या दगडावर अजून एक दिवस बसायचंय.’’

निकाल लागला होता आणि तो चेनवाल्यांच्या बाजूने लागला होता. पण विजयाची खरी मजा रविवारी होती, आणि ती त्यांना मिळणार नव्हती. साडूंनी फार अजिजीने विचारलं की ताईला सांगाल का. बायको म्हणाली की तिच्याकडे आलेल्या कुणाचाही रिपोर्ट ती बाहेर सांगत नाही. आणि चेनवाल्यांना, इच्छा नसताना, आपलंच मत आठवलं की सॅकवाल्याने मातीबद्दल बोलू नये.

जाता जाता साडूंनी त्यांना बाजूला घेतलं. मेव्हणी अलीकडे विचारायला लागली होती. चेनवाल्यांकडे जगाच्या सॅका फाटून येतात, मग आपलीच कशी नाही, असं तिचं म्हणणं होतं.

‘‘साडूबुवा,’’ ते म्हणाले, ‘‘थोडी उसवून द्याल का?’’

अशी अकरा वर्षांनी ती सॅक बाकावर आली. चेनवाल्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दिवसभर तिच्यावर काम केलं. खडकाला घासल्यावर कापड कसं जातं, पट्टा कुठून सुटतो, हे आता त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो तसाच फाडला, तसाच शिवला आणि शिवणीच्या खाचेत स्वतःच्या बुटातली माती भरली. कारखान्यातल्या टिपेपेक्षा त्यांची टीप सरस झाली. साडू न्यायला आले तेव्हा त्यांनी पट्टा कसा फाटला असेल ते नीट समजावून घेतलं. अरुंद जागा, कडेचा खडक, अंग उलटं फिरवणं, सगळं दोनदा विचारून.

रविवारी बारावा फोटो भिंतीवर होता. जेवताना मेव्हणीने सॅकचा पट्टा सगळ्यांना दाखवला आणि साडूंनी, आढेवेढे घेत, तो प्रसंग सांगितला. अरुंद वाट होती. खाली दरी. कडेच्या खडकाने सॅक धरली. इथे ते थांबले, पाणी प्याले. टेबलावर कुणी घास उचलत नव्हतं. मग एका हाताने खडक धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी तिथेच पट्टा कसाबसा बांधला, ते त्यांनी हात करून दाखवलं. चेनवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. हा सगळा प्रकार घडताना जी स्वतः दहा पावलांवर बसली होती, ती हात हनुवटीखाली घेऊन, डोळे मोठे करून ऐकत होती.

घरी येताना चेनवाल्यांनी रस्त्याला लागेपर्यंत दम धरला. मग म्हणाले की एवढं कान देऊन ऐकण्यासारखं त्यात काय होतं.

‘‘भावजी छान सांगतात हो. तुम्ही नुसते शिवत बसला होतात.’’

थोडं पुढे गेल्यावर बायको म्हणाली की पुढच्या वर्षीही सुट्टी मिळेल असं दिसतंय आणि तिला ही पद्धत पसंत आहे. जिथे रोपवे, तिथे सगळे वरून जातात आणि पायवाट रिकामी राहते. मातीच्या पुड्या आता नकोत, नुसते रोपवे शोधायचे. चेनवाल्यांना हे इतकं आवडलं की त्यांच्या मनात दुकानातला नकाशा पुन्हा बाकावर पसरला. आपली बायको, आपली वाट, आपला बेत, यात कुणाचा पाय नाही.

‘‘कुठे कुठे रोपवे आहेत ते भावजींना विचारा,’’ ती म्हणाली. ‘‘दोरांचं खातं त्यांचंच आहे. त्यांना सगळे पाठ असतील.’’

चेनवाल्यांनी चालता चालता पोटावर हात ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, जेवण जड झालं.